आत्तींचा तिखट हात

माझ्या सासूबाईंच्या, म्हणजे आत्तींच्या, हातचं कालवण म्हणजे नुसता जाळ. सासरे रोज कुरकुरायचे, दीर एका वाटीवर पाणी पिऊन उठायचा, पण बाईंचा हात काही आवरायचा नाही. लग्न होऊन म्हसवडला आले त्याला महिना झाला, जीभ सोलून निघाली. शेवटी वैतागून म्हटलं, "आत्ती, आज कालवण मी करते."

माहेरी आष्ट्याला आई करते तसं मुगाचं केलं. कांदा-लसूण चटणी बेतानंच टाकली. सासऱ्यांनी तीनदा मागून घेतलं. दिरानं पातेलं भाकरीनं पुसून काढलं. "आता रोज वैनीच करणार!"

आत्तींनी रिकामं पातेलं माझ्यापुढं आदळलं. मला वाटलं, जळल्या.

"चवीचं केलं की माणूस लय जेवतंय, कळलं का?" त्या म्हणाल्या. "ह्यातलं निम्मं रातच्याला ठेवायचं हुतं. मुगाचा डबा बघ जा. बाजार शनवारी हाय, आज मंगळवार."

दुसऱ्या दिवशी मी चटणीचे चार चमचे टाकले. दीर पाणी पिऊन उठला. "वैनी, तुमीबी आईवर गेलासा!"

मी पातेल्यात बघितलं. निम्मं उरलं होतं.