राखणदार

चेन्नईतल्या एग्मोरच्या त्या जुन्या बंगल्यात पन्नास वर्षांपूर्वी एका भयपटाचं शूटिंग झालं होतं. तेव्हापासून अख्खी गल्ली कृष्णाजींच्या घराला भुताचं घर म्हणते, आणि कृष्णाजींना त्याचा कोण अभिमान! मुरली नावाचा तरुण दिग्दर्शक "सार, रिमेक करायचाय, याच घरात," म्हणत आला, तेव्हा ते असे भडकले, की बायकोनं त्याच्यासाठी आणलेली कॉफी त्यांनी स्वतःच पिऊन टाकली.

"तंबी, धाकट्या भावासारखा म्हणून सांगतो, असे सिनेमे एकदाच होतात. उगाच चांगल्याची माती करू नका!" असं सुनावून त्यांनी त्याला फाटकाबाहेर काढलं.

आठवड्याभरात एक बिल्डर आला. आजवरचे सगळे बिल्डर भुताचं नाव काढताच फाटकातूनच मागे फिरले होते. हा मात्र अंगणात ठाण मांडून बारा मजल्यांच्या गोष्टी करू लागला. कृष्णाजींनी नेहमीसारखा आवाज खाली आणला आणि सिनेमातलं भूत जिच्यातून वर येतं, त्या विहिरीकडे बोट दाखवलं.

बिल्डर खो खो हसला. "तो सिनेमा? अय्यो सार, आमची पोरं तो बघून हसून हसून लोळतात! मी उद्या परत येतो."

त्याची पाठ वळताच कृष्णाजींनी मुरलीला फोन लावला.



"कॉफी प्यायला ये, तंबी. रिमेक कर, खुशाल कर. फक्त शेवटी तो मांत्रिक भुताला हाकलतो ना, तेवढं बदल. या वेळी भुतानं घर सोडायचं नाही."