परत आलेला माल

बन्सीलाल शेठने साडेअकरा हजारांचं बिल चष्म्यावरून पाहिलं आणि उज्ज्वलाच्या पुढ्यात परत सरकवलं.

सात महिने त्याने तिला "काले आवजो", उद्या या, म्हणून इतक्यांदा माघारी धाडलं होतं, की रिंग रोडवरच्या त्या कापड मार्केटची लिफ्टही तिला पाहून बटण न दाबता चौथ्या मजल्यावर थांबायची. आज मात्र 'काले'वर भागणार नव्हतं. तिचा लॅपटॉप लिंबायतच्या दुरुस्तीवाल्याकडे अडकला होता. सातच्या आत आठ हजार आले नाहीत तर तो विकून मोकळा होणार होता. गिऱ्हाईकही त्याने बघून ठेवलं होतं. लॅपटॉप गेला की लिहिणं गेलं. आणि आत्ताच सहा वाजून दहा मिनिटं झाली होती.

शेठने शांतपणे समजावलं. महाराष्ट्रात जाणाऱ्या साड्यांच्या कॅटलॉगात तिने मराठीतून एकेका साडीची गोष्ट लिहिली, हे कबूल. पण धुळ्याला त्या साड्या खपल्या नाहीत, गठ्ठेच्या गठ्ठे परत आले. माल परत आला की त्याचं बिल रद्द, हा मार्केटचा रिवाज. साडीचंच बिल उरलं नाही, तर साडीवरच्या लिखाणाचं कुठून राहील?

"तुझा पण माल परत, बेन," तो म्हणाला आणि सुतळीने बांधलेला कॅटलॉगांचा गठ्ठा त्याने तिच्याकडे ढकलला.

भांडायला तोंड उघडलं तर रडूच बाहेर येईल, हे उज्ज्वलाला ठाऊक होतं. पण तिचा बाप वीस वर्षं याच मार्केटात साड्यांच्या घड्या घालत आलेला; रिवाज तिलाही पाठ होता. परत आलेला माल कोणी बांधलेला उचलत नाही. उघडून, एकेक नग तपासून घेतो.

चप्पल काढून ती गादीवर बसली, सुतळी सोडली आणि तपासायला लागली. मोठ्याने वाचून.

गादीच्या दुसऱ्या टोकाला पारोळ्याचे दुकानदार मारुती पाटील आणि त्यांची बायको रंजनाबाई खरेदीला बसले होते. पहिल्या दोन गोष्टींना त्यांनी मानही वर केली नाही. उज्ज्वलाने आवाज चढवला. तिसरी साडी चारशे सतरा नंबरची.

"ही साडी नेसून अमळनेरची एक बाई रुसून माहेरी निघाली," तिने वाचलं. "नवरा शोधत शोधत एसटी स्टँडवर आला, तिच्याच शेजारी उभा राहिला आणि तिलाच विचारायला लागला, बाई, माझी बायको इथून गेली का हो?"

आणि ती थांबली.

रंजनाबाईंच्या हातातला पदर हातातच राहिला. "मंग? काय बोलनी ती?"

उज्ज्वलाने कॅटलॉग मिटला. लिखाण शेठनी परत केलंय, पुढचं त्यांनाच विचारा, असं हळूच म्हणाली. त्यावर रंजनाबाईंनी नवऱ्याला बजावलं, की चारशे सतराचे दोनशे नग आपल्या दुकानात हवेत. पण उद्या बाया पुढचं विचारतील, तेव्हा आपल्याला ते ठाऊक पाहिजे. मारुती पाटलांनी शेठकडे पाहिलं. शेठने परत आलेल्या गठ्ठ्यांकडे पाहिलं, देवाच्या तसबिरीकडे पाहिलं, गल्ला उघडला, साडेअकरा हजार दोनदा मोजून गादीवर ठेवले आणि वर पंजा दाबून धरला.

"आधी बोल," तो म्हणाला. "पछी पैसा."

सहा पस्तीस. रंजनाबाई गुडघ्यांवर पुढे सरकल्या. उज्ज्वलाने मिटलेला कॅटलॉग पुन्हा उघडला. कॅटलॉगात गोष्ट तिथंच संपत होती, आणि ती बाई काय म्हणाली हे तिने कधी ठरवलंच नव्हतं.