समेटाचा कागद

कुंभकोणमच्या तंजावरी मराठी जमीनदारानं ओसरीवर खुर्ची मांडली आणि घरच्या मराठीत म्हटलं, “बसा सेतूराव, तुम्ही आमचेच.” मजूर उभे असताना आपण बसायचं नाही, असं शेतमजुरांच्या या पुढाऱ्यानं तुरुंगात ठरवलं होतं. पण बावन्न सालच्या संपाला अकरा आठवडे झाले होते, साक्कोट्टै गावच्या अस्पृश्य मजुरांच्या झोपड्यांत चुली पेटत नव्हत्या आणि त्याचेही पाय भरून आले होते. तो बसला. कसणाऱ्याला जमीन, ही मागणी सोडावी लागली. पाच वर्षं कुणाला हुसकायचं नाही, एवढं पदरात पडलं. सेतूनं सही केली. आता मजुरांच्या वतीनं त्यांच्यातल्या वीरनचा अंगठा हवा होता. तो अंगणात उन्हात उभा होता. “वर ये वीरा,” सेतू तमिळमध्ये म्हणाला. वीरन हलला नाही. “अय्या, मला ओसरीवर घ्यायचं कलम या कागदात आहे का?” सेतूनं कागद खाली नेला. वीरननं अंगठा उठवला.