सासूबाईंचा फोन

पुरुषमंडळी सासूबाईंना घेऊन दवाखान्यातून स्मशानात गेली आणि रेवती अंघोळीसाठी घरी परतली. तिने दाराच्या स्मार्ट कुलपाला आपला फोन टेकवला.

"रेवती कुलथे यांचं आज निधन झालं आहे," दार म्हणालं.

घर, बँक, दवाखाना, सगळं प्रत्येकाच्या एकाच लॉगिनवर चालायचं. सासूबाईंना अ‍ॅडमिट करताना त्यांचा ओटीपी येईना, म्हणून तिने आपलंच लॉगिन दिलं होतं. घरातल्या घरात एवढं सगळेच करतात.

नवऱ्याला फोन लावला, तर तिचा नंबरही बंद झालेला.

पर्समध्ये सासूबाईंचा फोन होता. तिने तो दाराला टेकवला.

"या, इंदुमतीबाई."

दार उघडलं, तेवढ्यात हातातला तोच फोन वाजला. हॉस्टेलवरून तिची मुलगी हुंदके देत विचारत होती, "आजी, आई कशी गं गेली?"