पाळीवरची ॲक्शन

धानपट्ट्यातल्या गोरेगावजवळच्या एका गावतलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, त्या सकाळी एक मांडव, बावीस खुर्च्या, सात कोरी फावडी आणि एक वीत रुंदीचं भगदाड होतं. भगदाडातून पाणी वाहून चाललं होतं, आणि गावातल्या दुर्गेश्वरीच्या घरचा निसवायला, म्हणजे लोंब्या धरायला, आलेला धान त्याच पाण्यावर होता.

भगदाड बुजवायच्या कार्यक्रमाच्या भाषणांत ॲक्शन प्लॅन वाचला गेला, ॲक्शन कमिटी नेमली गेली, तालुक्याचे साहेब ॲक्शन मोडवर असल्याचंही तीनदा सांगून झालं.

"काकाजी, पाणी वाहून राहिलं न! भोक बुजवता कवा?" दुर्गेश्वरीनं सरपंचांना विचारलं.

"ॲक्शनच तर चालू आहे न बाई, तुले दिसून नाही राहिलं का?" सरपंच मुन्नालाल खेकसले.

एवढ्यात व्हिडिओ काढणारा "ॲक्शन!" म्हणून ओरडला. सात मान्यवरांनी भगदाडाच्या काठाचीच माती खणली, घमेल्यांत भरली आणि कॅमेऱ्याकडे बघून हसत भगदाडात ओतली. ती वाहून गेली. व्हिडिओ मनासारखा येईपर्यंत हे चार वेळा झालं, मग सगळे मांडवात जेवायला बसले. दुर्गेश्वरी भगदाडापाशी गेली आणि तिनं वीत लावून पाहिली.



अडीच वीत.