दोघांत एक ताटली

अँकरेटबाईंनी दोन्ही मुलांपुढे मिळून एकच ताटली ठेवायला लावली.

सेंट मायकलच्या सणाचे जेवण होते. मधोमध भाजलेला हंस वाफाळत होता. वरच्या मेजावर पहिला घास उचलला जाईपर्यंत खाली बसलेल्यांनी पावालाही हात लावायचा नाही, अशी थॉर्नहेच्या वाड्याची रीत होती.

"आईसाहेब, ताटली एकच आलीय," धाकटा फल्क म्हणाला.

"भांडी उरलीत कुठे? राजाच्या माणसांनी नेली."

"कुठल्या राजाच्या?" थोरल्या पिअर्सने विचारले.

"दोन्ही राजांच्या. आळीपाळीनं."

खालच्या बाकावर कोणीतरी फिसकन हसले आणि लगेच खोकले.

पिअर्स हरलेल्या राजाकडून लढला होता, फल्क जिंकलेल्याकडून. नव्या राजाने पिअर्सला जीवदान दिले आणि थॉर्नहे फल्कच्या नावे केले. आज पिअर्स निरोप घ्यायला आला होता. उद्याच्या भरतीला त्याचे जहाज फ्रान्सला सुटणार होते. त्याने जाऊ नये, एवढेच बाईंना हवे होते. पण घर आता धाकट्याचे. त्याच्याकडे थोरल्यासाठी आसरा मागितला असता तर पिअर्स जेवायलाही थांबला नसता. म्हणून त्यांनी तोंड मिटून घेतले होते.

एका ताटलीत जेवणाऱ्या दोघांत जो लहान मानाचा, त्याने मांस कापून मोठ्या मानाच्याला वाढायचे असते. जन्माने मोठा पिअर्स, राजाच्या हुकुमाने मोठा फल्क. सुरी दोघांच्या मध्ये पडून होती.

म्हातारा कारभारी हेमो बाईंच्या कानाशी वाकला. "बाईसाहेब, हंस गार होतोय."

"होऊ दे."

"माणसंही गार व्हायला लागलीत."

शेवटी पिअर्सनेच सुरी उचलली. "मालक तू. कापतो मी."

त्याचा उजवा हात लढाईत कामातून गेला होता. डाव्या हाताने त्याने सुरी टेकवली, ती हाडावरून सटकली आणि हंसाची अख्खी तंगडी फल्कच्या मांडीवर जाऊन पडली. राजाने बक्षीस दिलेल्या मखमली डगल्यावर चरबीचा ओघळ उतरला.

हेमोने डोळे मिटून घेतले. अँकरेटबाईंना वाटले, संपले सगळे.

फल्क मांडीवरच्या तंगडीकडे बघत राहिला.

"लहानपणीही असंच कापायचास," तो म्हणाला. "तेव्हा तर दोन्ही हात धड होते."

"तेव्हा तू मेज हलवायचास."

"आण इकडे ती सुरी, दादा. उपाशी मारशील सगळ्यांना."

मागच्या चार वर्षांत फल्कने पिअर्सचा 'तो गद्दार' याखेरीज दुसऱ्या नावाने उल्लेख केला नव्हता. बाईंनी घाईघाईने पावाचा तुकडा मोडला आणि हातातच धरून ठेवला.

फल्कने छातीचे मऊ मांस कापून भावाच्या बाजूला सरकवले. पिअर्सने घास घेतला, मग फल्कने घेतला. खाली सुऱ्यांचा एकच खणखणाट उठला.

"खरपूस कातडी माझी," पिअर्स भरल्या तोंडाने म्हणाला.

"अर्धी."

"उद्या जातोय मी. सगळी दे. भरती आली की जहाज सुटेल."

"सुटू दे," फल्क म्हणाला. "जहाजाला काय, तुझ्यावाचूनही जाता येतं."

प्यालाही दोघांत एकच आला होता. तोंड पुसल्याशिवाय तो ओठाला लावायचा नाही, हे पोराटोरांनाही शिकवलेले असते. पिअर्स ते विसरला. गटागटा प्यायला आणि प्याला भावापुढे केला. बिअरवर चरबीचा जाड तवंग तरंगत होता.

दरबारात राहून फल्क फार टापटिपीचा झाला होता. त्याने प्याल्यात डोकावून पाहिले, नाक मुरडले आणि तवंगासकट तळापर्यंत पिऊन टाकला.