उजव्याची शिकवणी

शर्वाणीचे पाय बेस ड्रमच्या डबल पेडलवर सुसाट पळायचे. कालपासून मात्र उजवा, म्हणजे यंत्राचा पाय, सारखा अडखळत होता आणि शनिवारी तर कार्यक्रम होता.

“पाय ठणठणीत आहे,” डॉ. पाध्ये तपासून म्हणाल्या. “तो डाव्याचं पाहून शिकतो. कालच त्याने नवा धडा घेतलाय. डाव्याचा रियाज होतोय ना?”

शर्वाणीने जीभ चावली. महिनाभर तिने सगळं उजव्यावरच ढकललं होतं.

घरी येताच तिने तो पाय काढून भिंतीशी उभा केला. “आता नीट बघ रे!” म्हणत ती एकट्या डाव्याने वाजवू लागली. डावा आधी गडबडला, मग सावरला, मग धावतच सुटला.

तेवढ्यात भिंतीकडून टकटक ऐकू आली. उजवा तिथूनच ठेका धरून नाचत होता.